टिळकांचे वकील

पाचवीत असताना वर्गातल्या एका पोराने मला 'जिनाची अवलाद' म्हटलं होतं. भांडण कसलं होतं ते आता आठवत नाही, बहुधा मधल्या सुट्टीतल्या खेळावरून असावं. मला तेव्हा जिना एकच माहीत होता, आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या गच्चीवर नेणारा, दोन पायऱ्या तुटलेला. ही शिवी आहे हे त्याच्या तोंडावरून कळलं, पण पायऱ्यांची अवलाद म्हणजे काय ते काही उमगेना. घरी येऊन अब्बांना विचारलं. अब्बा सायकलच्या ट्यूबला रबराचं ठिगळ लावत बसले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "कौन बोल्या?" मी नाव सांगितलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "जिना टिळक का वकील था. इत्ता याद रख. बाकी बडा होने के बाद पढ."

बाकीचं मोठेपणी वाचलं खरं, पण पाठ्यपुस्तकात नाही. पाठ्यपुस्तकातले जिना १९४० साली लाहोरला थेट प्रौढ वयात जन्माला येतात, फाळणी मागतात, ती मिळवतात आणि धड्यातून निघून जातात. त्याआधीच्या चौसष्ट वर्षांत हा माणूस कुठे होता, काय करत होता, याचा पत्ता नाही. सीमेपलीकडच्या पुस्तकांतही फारसं वेगळं नाही. तिकडे ते पाळण्यातूनच कायद-ए-आझम असतात. त्यांची मुंबईतली वीसेक वर्षं दोन्ही देशांना अवघड जातात. मला मात्र तीच वर्षं जवळची वाटतात, कारण ती आपल्या मुलखात घडली. हायकोर्ट, टाऊन हॉल, पुण्यातलं मॅजिस्ट्रेटचं कोर्ट, शेवटी नागपूरचा काँग्रेसचा मांडव. सगळी गावं आपलीच.

सुरुवात कराचीच्या खारादर भागातून. काठियावाडातल्या गोंडल संस्थानात पानेली नावाचं गाव आहे. तिथून आलेले जिनाभाई पुंजा कराचीत व्यापार करत होते. घरची भाषा गुजराती, पंथ इस्माइली खोजा. गुजरातीत 'झीणा' म्हणजे बारीक, सडपातळ. बापाचं हे नाव पुढे मुलाला आडनाव म्हणून चिकटलं आणि मराठीत येऊन त्याच्या पायऱ्या झाल्या. जन्मतारीख २५ डिसेंबर १८७६ मानली जाते, पण सिंध मदरसतुल इस्लाम या त्यांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये २० ऑक्टोबर १८७५ अशी नोंद आहे. आपल्याकडे शाळा मास्तरांनी घातलेल्या तारखांवर अर्धं गाव एक जूनला जन्मतं, त्यामुळे याचं नवल वाटू नये. मधे काही महिने हा मुलगा मुंबईला आत्याकडे राहून अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेतही शिकला. अभ्यासात विशेष रस नव्हता.

वडिलांचा व्यवहार ग्रॅहम नावाच्या इंग्रजी कंपनीशी होता. तिच्या मॅनेजरने, फ्रेडरिक क्रॉफ्टने, मुलाला लंडनच्या कचेरीत उमेदवारी देऊ केली. परदेशी जाऊन मुलगा मडमेशी लग्न करेल या धास्तीने आईने पानेलीला त्याचं लग्न लावून दिलं. नवरी एमीबाई लहान होती आणि नवराही पोरसवदाच होता. तो लंडनला असतानाच ती वारली, पाठोपाठ आईही गेली. व्यापारात बापाची घसरण सुरू झाली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर या तिन्ही गोष्टींचा काय परिणाम झाला असेल, याबद्दल जिना पुढे कधी मोकळे झालेले दिसत नाहीत. मोकळं होणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

कंपनीतलं हिशोबाचं काम सोडून त्यांनी १८९३ साली लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टरीला नाव घातलं. पुढच्या वर्षी अर्ज करून नावातला 'भाई' काढून टाकला. नाटकाचा नाद लागला, एका नाटक कंपनीत जायचंही ठरलं होतं, पण बापाचं कडक पत्र आलं आणि ते राहिलं. चांगला नट होण्याचे गुण होतेच, ते पुढे कोर्टात उपयोगी पडले. दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले त्या प्रचारात तरुण जिना होते, असं अनेक चरित्रांत लिहिलेलं सापडतं. ती निवडणूक जुलै १८९२ ची. जिना त्यानंतर लंडनला पोचले. थोरामोठ्यांच्या चरित्रांत अशा जागा नेहमी निघतात, भक्तांनी आधी प्रसंग रचलेला असतो आणि तारखा मागून येऊन तो पाडतात. दादाभाईंचा प्रभाव मात्र खरा आहे. लॉर्ड सॅलिसबरीने दादाभाईंना 'काळा माणूस' म्हणून हिणवलं होतं आणि तोच काळा माणूस पार्लमेंटात बसला, ही गोष्ट लंडनमधल्या प्रत्येक हिंदी विद्यार्थ्याच्या मनावर कोरली गेली होती.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये जिनांनी मुंबई हायकोर्टात नाव नोंदवलं. पुढच्याच महिन्यात मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि शहर ओस पडू लागलं. वशिला नसलेल्या वीस वर्षांच्या बॅरिस्टराला काम मिळायला याहून वाईट वेळ नसेल. पहिली तीन वर्षं हलाखीची गेली. मग मॅकफर्सन नावाच्या इंग्रज ॲडव्होकेट जनरलने आपल्या कचेरीत येऊन वाचायची मुभा दिली, जी तोवर हिंदी माणसाला सहसा मिळत नसे. १९०० साली काही महिने ते प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट होते. मुदत संपल्यावर दरमहा दीड हजारांची नोकरी देऊ केली, तर म्हणाले, एवढे मी रोज कमवणार आहे. हा किस्सा सगळेच सांगतात. ऐकीव असला तरी माणसाला शोभणारा आहे.

आता टिळकांकडे येऊ. प्लेगच्या त्याच काळात, १८९७ साली, टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. त्यांच्या जामिनासाठी हायकोर्टात उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर आणि जामीन देणारे न्यायमूर्ती होते बद्रुद्दीन तय्यबजी. तय्यबजी म्हणजे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष. चार वर्षांआधीच्या १८९३ च्या दंगलीनंतर 'केसरी'ने मुसलमानांबद्दल आणि सरकार त्यांचे लाड करतं याबद्दल काय भूमिका घेतली होती, ते तय्यबजींना माहीत नसेल असं कोण म्हणेल? मोहरमच्या ताबुतांपासून हिंदूंना दूर करण्याचा प्रयत्न आणि सार्वजनिक गणेशोत्सव हे त्याच वर्ष-दोन वर्षांतले. तरीही तय्यबजींनी कायदा बघितला आणि जामीन दिला. आमच्यातले काही लोक टिळकांचं नाव काढलं की १८९३ वर थांबतात, दुसरे काही १९१६ पासूनच सुरुवात करतात. दोन्ही टिळक खरे होते आणि मधली तेवीस वर्षंही खरी होती. माणसाला बदलायची सवड इतिहासाने द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. ती टिळकांसाठी आहे आणि जिनांसाठीही.

अकरा वर्षांनी, २४ जून १९०८ ला, टिळकांना मुंबईत सरदारगृहात पुन्हा अटक झाली. मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणावर 'केसरी'त आलेले लेख हे निमित्त. खालच्या कोर्टाने जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज घेऊन उभे राहिले जिना, वय एकतीस. समोर न्यायासनावर कोण, तर तेच दिनशा दावर, आता न्यायमूर्ती झालेले! जिनांनी काय केलं, तर १८९७ साली खुद्द दावरांनी टिळकांसाठी जे मुद्दे मांडले होते तेच त्यांच्यापुढे ठेवले. आरोपी पळून जाणारा नाही, त्याला बचावाची तयारी मोकळेपणाने करू द्यावी. दावरांनी अर्ज फेटाळला. १३ ते २२ जुलै खटला चालला, टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. नऊ ज्यूरर, त्यात सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन असा निकाल आला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, जी पुढे मंडालेच्या तुरुंगात भोगली गेली. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या हिशोबाने.

यातला उत्तरार्ध कमी लोकांना ठाऊक आहे. दावरांना पुढे 'सर' ही पदवी मिळाली तेव्हा वकिलांनी त्यांना मेजवानी द्यायचं ठरवलं. सह्यांसाठी फिरणारा कागद जिनांकडे आला, तर त्यांनी त्यावर सही न करता लिहिलं की ज्या न्यायाधीशाने सरकारची मर्जी राखून टिळकांना इतकी कठोर शिक्षा दिली, त्याला मेजवानी द्यायची वकिलांना लाज वाटायला हवी. दावरांनी बोलावून विचारलं, तर तोंडावरही तेच सांगितलं. ही हकिकत न्यायमूर्ती एम. सी. छागलांनी 'रोझेस इन डिसेंबर' या आत्मचरित्रात दिली आहे. छागला तरुणपणी जिनांच्या हाताखाली होते आणि पुढे त्यांचे कडवे विरोधक झाले. म्हणूनच मला त्यांची साक्ष महत्त्वाची वाटते.

राजकारणात जिना आले ते फिरोजशहा मेहता, गोखले आणि दादाभाईंच्या काँग्रेसमधून, म्हणजे मवाळांच्या गोटातून. टिळकांचं वकीलपत्र घेतलं म्हणून ते जहाल नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. १९०६ चं एक दृश्य मला नेहमी दिसतं. त्या वर्षी १ ऑक्टोबरला आगाखानांचं शिष्टमंडळ सिमल्याला व्हॉईसरॉय मिंटोकडे गेलं आणि मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ मागून आलं. जिनांचा त्याला विरोध होता, या मंडळींना मुसलमानांनी निवडलं कधी, असा त्यांचा सवाल होता. डिसेंबरच्या अखेरीस ढाक्याला मुस्लिम लीग जन्माला आली आणि त्याच आठवड्यात जिना कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्ष दादाभाईंचे चिटणीस म्हणून कागद सांभाळत होते. ढाक्याला जमलेल्या नबाबांना त्या दिवशी कोणी सांगितलं असतं की तुमच्या लीगचा सर्वेसर्वा तिकडे दादाभाईंच्या शेजारी बसलाय, तर ते खो खो हसले असते.

नियतीची थट्टा अशी की १९०९ च्या सुधारणांनी विभक्त मतदारसंघ आले आणि १९१० साली जिना व्हॉईसरॉयच्या कौन्सिलात पोचले ते मुंबई इलाख्यातल्या मुसलमानांसाठी राखलेल्या जागेवरून. ज्या दारावर आक्षेप घेतला त्याच दारातून आत गेले. इथे मला जिनांची बाजू घेता येत नाही. पुढच्या राजकारणाचं बी या तडजोडीत होतं असं मी मानतो. पण आत गेल्यावर गप्प बसले नाहीत. फेब्रुवारी १९१० मध्ये गोखल्यांनी दक्षिण आफ्रिकेत नाताळला पाठवल्या जाणाऱ्या हिंदी मजुरांचा प्रश्न काढला. जिना बोलताना तिथल्या वागणुकीला क्रूर म्हणाले. मिंटोने अडवलं, हा शब्द फार कडक आहे. जिनांनी उत्तर दिलं की खरं तर याहून कडक शब्द वापरायचा मोह होतो आहे, पण सभागृहाचे नियम मी जाणतो. व्हॉईसरॉयला भर कौन्सिलात असं उत्तर ऐकायची सवय नव्हती.

वक्फची गोष्ट आज थोडी तपशिलाने सांगायला हवी. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने कुटुंबासाठी केलेले वक्फ, म्हणजे वक्फ अलल-औलाद, बेकायदा ठरवले होते. मुस्लिम घराणी कर्जात बुडत होती, जमिनी सावकाराच्या घशात जात होत्या. मौलाना शिबली नोमानींसारखे आलिम यावर मोहीम चालवत होते, पण कायदा करणार कोण? जिनांनी १९११ साली विधेयक मांडलं, दोन वर्षं त्याचा पाठपुरावा केला आणि १९१३ साली तो कायदा झाला. सरकारी नसलेल्या सभासदाचं विधेयक मंजूर होणं त्या काळी अपूर्वाईचं होतं. दाढी नसलेल्या, लंडनचा सूट घालणाऱ्या खोजा बॅरिस्टराला देशभरचे मौलवी दुवा देऊ लागले ते तेव्हापासून. गंमत अशी की त्याच दरम्यान, १९१२ मध्ये, भूपेंद्रनाथ बसूंच्या आंतरधर्मीय नागरी विवाहाच्या विधेयकाला पाठिंबा देणारेही हेच जिना होते. ते विधेयक पडलं. सहा वर्षांनी सर दिनशा पेटिटांच्या मुलीशी, रत्तीशी, लग्न करायची वेळ आली तेव्हा तसा कायदा नव्हता. तिला आधी इस्लाम स्वीकारावा लागला, मग १९ एप्रिल १९१८ ला निकाह झाला.

१९१३ साली मोहम्मद अली आणि वजीर हसन यांच्या आग्रहावरून ते लीगचे सभासद झाले. काँग्रेस सोडली नाही, लीगची निष्ठा देशाच्या मोठ्या कामाच्या आड येणार नाही ही अट घालूनच सही केली. तेव्हा दोन्हीकडे असणं हा गुन्हा नव्हता. डिसेंबर १९१५ मध्ये काँग्रेस आणि लीग दोघांचीही अधिवेशनं मुंबईत भरली, जिनांच्या खटपटीमुळे. लीगच्या मांडवात काही लोकांनी गोंधळ घातला, पोलीस बघत राहिले आणि उरलेलं कामकाज ताजमहाल हॉटेलात उरकावं लागलं. ऐक्याची बोलणी सरकारला नको होती, हे वेगळं सांगायला नको.

मग आलं १९१६, जिनांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष. टिळक मंडालेहून सुटून आले होते, होमरूल लीग काढून गावोगाव बोलत होते. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून सरकारने त्यांना नोटीस दिली, तीही नेमकी त्यांच्या साठीच्या वाढदिवशी, २३ जुलैला. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला, स्वतःचा मुचलका वीस हजारांचा आणि वर दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. बाजू मांडायला जिनाच होते. प्रकरण हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांच्यापुढे गेलं. भाषणं मराठीत झालेली आणि वकिलाला मराठी येत नाही, सगळा वाद भाषांतरांवर! जिनांचा मुद्दा साधा होता. भाषण पूर्ण वाचा, सुटी वाक्यं उचलू नका, आणि नोकरशाहीवर टीका करणं म्हणजे राजसत्तेचा द्रोह नव्हे. ९ नोव्हेंबर १९१६ ला हायकोर्टाने मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. राजद्रोहाच्या कायद्यापुढे टिळकांना मिळालेला हा पहिला विजय आणि तो मिळवून देणारे बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. आज कुणाच्या भाषणातलं एखादं वाक्य कापून त्याला तुरुंगात टाकलं जातं तेव्हा मला हा निकाल आठवतो.

दीड महिन्याने लखनौ. काँग्रेसचे अध्यक्ष अंबिकाचरण मुजुमदार, लीगचे अध्यक्ष जिना. करार झाला. काँग्रेसने विभक्त मतदारसंघ मान्य केले, लीगने स्वराज्याची मागणी उचलली. मदनमोहन मालवीयांसारख्यांचा विरोध होता. तो मोडून काढण्यात टिळकांचं वजन निर्णायक ठरलं. त्यांचं म्हणणं असं की सत्ता इंग्रजांच्या हातून सुटून या देशातल्या कुणाच्याही हाती जाऊ दे, मुसलमानांच्या, रजपुतांच्या, खालच्या मानलेल्या जातींच्या, आमची तक्रार नाही, मग भांडण आपसातलं उरेल. १८९३ चे टिळक हे बोलले नसते.

पण या कराराचे आकडे नीट बघायला हवेत. मुंबई इलाख्यात मुसलमान पाचवा हिस्सा होते, त्यांना तिसरा हिस्सा जागा मिळाल्या. संयुक्त प्रांतात चौदा टक्क्यांच्या आसपास होते, त्यांना तीस टक्के. त्या बदल्यात बंगालमध्ये, जिथे ते निम्म्याहून जास्त होते, तिथे चाळीस टक्क्यांवर समाधान मानलं आणि पंजाबात निम्म्यावर. म्हणजे उत्तरेतल्या जमीनदार-वकिलांना भरभरून मिळालं आणि बंगालच्या मुसलमान कुळाने त्याची किंमत मोजली. त्या कुळाला कोणी विचारलं नव्हतं, त्याला मतच नव्हतं. जिनांच्या राजकारणातली ही खोट सुरुवातीपासूनची आहे. कायदा, करार, टक्केवारी, बंद खोलीतली बोलणी यांत ते तरबेज होते, पण मोहल्ल्यात त्यांचं येणंजाणं नव्हतं. गोखल्यांनी त्यांच्यात हिंदू-मुस्लिम ऐक्याचा राजदूत पाहिला, सरोजिनी नायडूंनी त्याच नावाने १९१८ साली त्यांच्या भाषणांचं पुस्तक काढलं. राजदूत हा शब्द बरोबरच होता. राजदूत दरबारात जातो, वस्तीत जात नाही.

वस्तीच्या जवळ ते एकदाच आले आणि तो दिवस मुंबईने पाहिला. गव्हर्नर विलिंग्डनने जून १९१८ च्या युद्ध परिषदेत टिळकांचं भाषण मधेच तोडलं होतं, टिळक सभा सोडून गेले. मागे राहिलेल्या जिनांनी तिथेच गव्हर्नरला सुनावलं. डिसेंबरमध्ये विलिंग्डन निवृत्त होऊन चालला तेव्हा शहरातल्या काही धनिकांनी 'मुंबईकरांच्या वतीने' त्याचं स्मारक करायचा घाट घातला. ११ डिसेंबरला टाऊन हॉलमध्ये सभा. म्हणजे आज ज्या पायऱ्यांवर कॉलेजची पोरं फोटो काढतात ती एशियाटिकची इमारत. जिना आणि त्यांचे होमरूलवाले सकाळपासून पायऱ्या अडवून बसले होते. दारं उघडताच पुढच्या खुर्च्या धरल्या. संध्याकाळी सभा सुरू झाली आणि एवढा गदारोळ झाला की ठराव कोणाला ऐकू आला नाही. पोलिसांनी हॉल रिकामा केला, धक्काबुक्कीत जिनांनाही मार बसला. बाहेर हजारोंचा जमाव त्यांची वाट बघत होता. स्मारक बारगळलं. मुंबईकरांनी एकेक रुपया वर्गणी काढून त्या दिवसाची आठवण म्हणून सभागृह बांधलं, पीपल्स जिना मेमोरियल हॉल. हयात असलेल्या, बेचाळिशीतल्या मुसलमान वकिलासाठी हिंदू, पारशी, मुसलमान सगळ्यांनी एक एक रुपया दिला.

यानंतर दोनच वर्षं. रौलट कायद्याच्या निषेधात मार्च १९१९ ला जिनांनी कौन्सिलचा राजीनामा दिला. १ ऑगस्ट १९२० ला टिळक सरदारगृहात वारले. राजकारण आता गांधींचं होतं, खिलाफतीचं होतं, रस्त्यावरचं होतं. त्याच ऑक्टोबरमध्ये होमरूल लीगचं नाव आणि घटना बदलली तेव्हा जिना काही सहकाऱ्यांसह बाहेर पडले. डिसेंबरात नागपूरला काँग्रेस भरली. असहकाराला विरोध करायला ते उभे राहिले. बोलताना म्हणाले 'मिस्टर गांधी'. मांडवातून आरोळ्या, महात्मा म्हणा! पुढे 'मिस्टर मोहम्मद अली' म्हणाले तर 'मौलाना म्हणा'चा ओरडा. त्यांनी म्हटलं नाही. ओरडणाऱ्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते, हे विसरलं जातं. जिनांना काँग्रेसच्या व्यासपीठावरून प्रथम उतरवलं ते खिलाफतीच्या लाटेने. मजहब आणि राजकारण यांची अशी सरमिसळ धोक्याची आहे, असं ते तेव्हा सांगत होते. वीस वर्षांनी त्यांनी स्वतः काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. टिळकांचे जिवलग दादासाहेब खापर्डेही याच सुमारास गांधींच्या वाटेपासून दुरावले. पण खापर्ड्यांची अवलाद म्हणून कुणी कुणाला शिवी दिली नाही.

मी जिनांची वकिली करत नाही. १९४० नंतरच्या जिनांनी इथे मागे राहिलेल्या मुसलमानांचा विचार केला नाही, हा माझा त्यांच्यावरचा आरोप आहे आणि तो मी मागे घेणार नाही. आमचं गाव निजामाच्या मुलखात होतं. १९४६ च्या ज्या निवडणुकीत लीगने पाकिस्तानच्या नावावर मतं घेतली ती ब्रिटिश प्रांतांची. मराठवाड्यात ती झालीच नाही. आमच्या दादांनी आयुष्यात जिनांना मत दिलं नव्हतं, देणं शक्यच नव्हतं. तरी १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर त्यांना दोन महिने दुसऱ्या गावात एका मराठा पाटलाच्या कडब्याच्या गंजीआड काढावे लागले. पाचवीतल्या त्या पोराला हे कोणी सांगितलं नसणार. मलाही उशिराच कळलं.

मागच्या पावसाळ्यात मुंबईला कामानिमित्त गेलो तेव्हा ग्रँट रोडला उतरून काँग्रेस हाऊसच्या आवारात शिरलो. तो हॉल अजून आहे, नाव आखडून पी. जे. हॉल झालंय. शेजारच्या चहावाल्याला विचारलं, पी. जे. म्हणजे काय हो? तो म्हणाला, पी. जे. म्हणजे पी. जे., आमच्या आजापासून हेच नाव आहे. बाकड्यावर बसलेला कॉलेजातला पोरगा हसून म्हणाला, "काका, पीजे म्हणजे पांचट जोक." मीही हसलो. खरं नाव सांगावं की नाही याचा एक घोट चहा होईपर्यंत विचार केला. मग म्हटलं, इथे एका वकिलाचं नाव आहे. "कुठला वकील?" पोराने विचारलं.

"टिळकांचा," मी म्हणालो.